इंद्रधनुष्याच्या कार्डांवर मराठी ठसा उमटावा म्हणून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या शाळांत राख्या आणि शुभेच्छापत्रे बनवण्याचे उपक्रम सुरू होतात. दिवस ऊन-पावसाचे, त्यामुळे मुलांना विषयही इंद्रधनुष्याचाच सुचतो. पण उत्साहाने घेतलेले हे काम दोन ठिकाणी अडते. एक तर रंग एकमेकांत शिरून कमान मातकट होते. दुसरे म्हणजे कमान चांगली जमली, तरी तिच्याखाली उमटवायला मराठी ठसा नसतो. दुकानात मिळणारे तयार ठसे बहुतेक सगळे इंग्रजी असतात, मग सात रंगांखाली 'हॅपी बर्थडे' येते. पहिल्या अडचणीवर शाई आणि कागद नीट निवडणे हा उपाय आहे. दुसऱ्या अडचणीवरचा उपाय घरच्या खोडरबरात आहे, पण त्यासाठी आपल्या दैनिकाची थोडी मदत लागेल. ती कोणती हे समजावे म्हणून आधी कृती लिहितो आहोत. पत्र लांबले आहे, पण यातला तपशील गाळला तर उरलेल्याचा उपयोग होणार नाही.

आधी कागद. चकाकी नसलेला, २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) पांढरा कार्डपेपर घ्यावा. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे मोठे ताव कापून उरलेले तुकडे असतात, ते विचारून पाहावेत. मात्र त्यातला आर्ट कार्ड, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेला कागद, या कामाला घेऊ नये. पाण्यात कालवलेली शाई त्या लेपातून आत मुरत नाही, वर तरंगत राहते आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. शंका असेल तर कोपऱ्यात एक ठसा मारून पाच मिनिटांनी बोट फिरवावे. रंग ओढला गेला तर तो कागद पाकिटांच्या अस्तराला ठेवावा. साधा ड्रॉइंग पेपर पातळ पडतो. शाईचे दोन-तीन हात झाले की त्याला पोचे येतात.

ए-४ कागद मधोमध आडवा कापला की २१० गुणिले १४८ मिलिमीटरचे दोन तुकडे होतात, आणि एक तुकडा दुमडला की १०५ गुणिले १४८ चे कार्ड तयार होते. ते ११४ गुणिले १६२ मिलिमीटरच्या सी-६ पाकिटात सैल बसते. घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो, त्याचे कारण कागदाचा धागा. कागद बनताना त्याचे तंतू एका दिशेने झोपतात. त्या दिशेला समांतर घडी स्वच्छ पडते आणि आडवी घडी तडकते. कागद हळूच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहावा; ज्या बाजूने सहज वाकतो ती धाग्याची घडी. वर सांगितल्याप्रमाणे कापलेल्या कार्डात धागा ए-४ च्या लांब बाजूने असेल तर घडी बरोबर त्याच्याशी समांतर येते. दुमडण्याआधी पट्टी धरून, शाई संपलेल्या रिफिलने दाबून एक रेघ ओढावी आणि घडी त्या रेघेवर घालावी.

आता शाई. सगळे बिघडते ते इथेच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ऑफिसच्या शिक्क्याची जांभळी शाई घरात असते म्हणून तीच वापरली जाते. पॅड लवकर सुकू नये म्हणून अशा शाईत ग्लिसरीनसारखे न वाळणारे द्रव्य असते, आणि ती पातळ, शोषून घेणाऱ्या कागदासाठी बनवलेली असते. जाड कार्डावर ती ओलसर राहते आणि कडेने फुटते. कार्डांसाठी दोन प्रकारची पॅडे कामाची: डाय शाईचे आणि पिग्मेंट शाईचे. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो. ती तंतूंत मुरते, मिनिट-दोन मिनिटांत वाळते आणि पारदर्शक असते, म्हणून पिवळ्यावर निळी दिली की हिरवा दिसतो. तिचे दोन तोटे आहेत, पाण्याने पसरते आणि उन्हात विटते. पिग्मेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. ते कागदाच्या वर बसतात, दाट दिसतात, उन्हात जास्त टिकतात, पण वाळायला वेळ घेतात. इंद्रधनुष्याचे रंग एकमेकांत विरघळवायचे असतील तर डाय घ्यावी. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरा ढग उमटवायचा असेल तर पांढरी पिग्मेंट शाईच लागते.

पॅडे महाग वाटली तर पोस्टर कलरचे पॅड घरी होते. एका चमचा रंगात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब घालावेत. पाणी घालू नये, नाहीतर ठशाच्या खाचांत रंग उतरतो. डब्याच्या झाकणात भांडी घासायच्या नव्या स्पंजचा सेंटिमीटरभर जाडीचा तुकडा बसवून त्यावर हा रंग पसरावा. अॅक्रिलिक रंग या कामाला घेऊ नये. तो ठशावरच वाळून प्लास्टिकसारखा चिकटतो आणि बारीक रेघा कायमच्या बुजतात. खाण्याचा रंगही टाळावा, त्याने कार्ड छान दिसते पण महिनाभरात फिके पडते.

रंगांचा क्रम 'तानापिहिनिपाजा' सगळ्यांना पाठ असतो: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. तरीही कार्डावर कमान उलटी रंगवलेली पुष्कळदा दिसते. मुख्य कमानीत तांबडा बाहेर, जांभळा आत. कधी कधी वर दुसरी फिकट कमान दिसते, तिच्यात क्रम बरोबर उलटा, म्हणजे तांबडा आत असतो. दोन कमानी काढायच्या असतील तर हे पाळावे, आणि दोन्हींच्या मधले आकाश जरा गडद ठेवावे, कारण खरोखरीच तिथला पट्टा काळवंडलेला दिसतो. मुख्य कमानीच्या आतले आकाश बाहेरच्यापेक्षा उजळ असते. कार्डात आतला भाग कोरा सोडला तर ते निसर्गाला धरूनही होते आणि मजकुराला जागाही मिळते. आणखी एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. इंद्रधनुष्य दिसते तेव्हा सूर्य आपल्या पाठीमागे असतो. तेव्हा कमानीच्या टोकाला हसरा सूर्य काढणे चूक आहे. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असला तर सपाट जमिनीवरून मुख्य कमान दिसतच नाही, म्हणून ती सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला दिसते. कन्नड शेजारी तिला 'कामनबिल्लू' म्हणतात. आपण धनुष्य इंद्राच्या हाती दिले, त्यांनी कामदेवाच्या.

हा क्रम कार्ड बनवणाऱ्यालाही सांभाळून घेतो. यात शेजारी-शेजारी असलेले कोणतेही दोन रंग मिसळले तरी मधला रंग स्वच्छच निघतो. तांबडा-पिवळा मिळून नारिंगी, पिवळा-निळा मिळून हिरवा. चिखल होतो तो एकमेकांपासून दूरचे रंग भेटले की: तांबडा आणि हिरवा, नारिंगी आणि निळा, पिवळा आणि जांभळा. म्हणून एकच नियम पुरतो. शेजारी रंगांना थोडे एकमेकांवर जाऊ द्यावे, मधला रंग ओलांडून कधी जाऊ नये. सगळ्यांत आधी पिवळा लावावा, मग बाहेरच्या बाजूला सरकावे, शेवटी आतल्या. पिवळ्याला दुसरा कुठलाही रंग लगेच डागाळतो, पिवळ्याने मात्र दुसऱ्याचे फार बिघडत नाही.

सात पॅडे नसली तरी चालते. गुलाबी, पिवळे आणि निळे अशी तीन डाय पॅडे पुरतात. इथे तांबड्याऐवजी गुलाबीच घ्यावे. तांबड्यात निळा मिसळला की जांभळ्याऐवजी तपकिरी छटा येते, गुलाबीत मिसळला की जांभळा उठतो. जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदावर कंपासने ७० आणि ३५ मिलिमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे एकाच मध्यबिंदूवरून काढून मधली पट्टी कापून टाकावी. ही खिडकी आडव्या धरलेल्या कार्डावर ठेवावी. मध्यबिंदू खालच्या कडेपासून २० मिलिमीटर वर घेतला तर डाव्या-उजव्या बाजूला चार-चार आणि वर पंधरा मिलिमीटर जागा सुटते. खिडकी मास्किंग टेपने चिकटवावी, पण टेप आधी दोन वेळा कपड्यावर चिकटवून त्याचा चिकटपणा कमी करावा, नाहीतर काढताना कागदाची साल निघते.

रंग स्पंजने लावायचा. मेकअपचा स्पंज किंवा गादीच्या फोमचा बोटभर तुकडा चालतो, प्रत्येक रंगाला वेगळा. स्पंज पॅडवर टेकवून थेट कार्डावर ठेवला तर तिथे गडद गोल डाग पडतो आणि डाय शाईचा डाग पुसता येत नाही. म्हणून स्पंज आधी रद्दीवर दोनदा टिपावा. मग खिडकीच्या बाहेरच्या कागदावरून सुरुवात करून, हलक्या हाताने गोल-गोल फिरवत आत यावे. एकाच वेळी गडद करायला जाऊ नये, तीन-चार हात द्यावेत. मधल्या १२ मिलिमीटरला पिवळा, बाहेर गुलाबी, आत निळा. प्रत्येक जण शेजाऱ्यावर तीन-चार मिलिमीटर चढला की नारिंगी आणि हिरवा आपोआप येतात. शेवटी निळ्याच्या अगदी आतल्या कडेवर पुन्हा गुलाबीचा एक हलका हात दिला की जांभळा. तरीही डाग पडलाच, तर त्या जागी पांढऱ्या पिग्मेंट शाईने ढग उमटवावा किंवा पांढऱ्या कागदाचा ढग कापून चिकटवावा. रंगांवर ओल्या हाताने पाण्याचे चार थेंब शिंपडून दहा-पंधरा सेकंदांनी टिपकागदाने टिपले तर पावसाच्या थेंबांसारखे फिके ठिपके उमटतात. मात्र हे एखाद्या कोऱ्या तुकड्यावर करून पाहावे. सगळ्याच शाया पाण्याला सारखा प्रतिसाद देत नाहीत.

सात रंग सुटे, रेखीव हवे असतील तर फोमचा ठसा करावा. स्टेशनरीच्या दुकानात दोन मिलिमीटर जाडीची फोम शीट मिळते. तिच्यातून एकाच मध्याच्या सात कमानी कापायच्या. प्रत्येक कमान तीन मिलिमीटर रुंद, दोन कमानींत एक मिलिमीटर अंतर, सर्वांत बाहेरची त्रिज्या ४० मिलिमीटर. सर्वांत आतली त्रिज्या १३ मिलिमीटर येते. ठसा ८० मिलिमीटर रुंद आणि ४० उंच होतो. हे एक मिलिमीटरचे अंतर वाचवायला जाऊ नये. कमानी चिकटून लावल्या की दाबाने फोम पसरतो आणि दोन रंगांच्या सीमेवर ओली शाई साठते. कमानी प्लायच्या किंवा अॅक्रिलिकच्या सपाट तुकड्यावर चिकटवाव्यात. पुठ्ठ्यावर चिकटवल्या तर दोन धुण्यांत पुठ्ठा फुगतो. नव्या फोमवर शाईचे थेंब जमतात, कारण त्याचा पृष्ठभाग पाणी झटकतो. बारीक पॉलिश पेपर त्यावर एकदा हलका फिरवला की शाई सारखी पसरते. फोमऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबरही उत्तम. पंक्चरवाल्याकडे ते सहज मिळते, फोमपेक्षा रेघ धारदार येते, फक्त टाल्कम पावडर धुऊन काढावी लागते.

अशा ठशावर रंग लावायला स्केचपेन सर्वांत सोयीचे, आणि शाळेत तर तेच परवडते. प्रत्येक कमान वेगळ्या पेनाने थेट ठशावर रंगवायची, पुन्हा पिवळ्यापासून सुरुवात करून. सात कमानी रंगवेपर्यंत पहिल्या वाळलेल्या असतात. म्हणून ठसा तोंडाजवळ धरून, आरशावर वाफ आणतो तसा दोन-तीनदा 'हा' करावा. त्या ओलाव्याने शाई पुन्हा जागी होते. लगेच कागदावर ठेवून पाच सेकंद सरळ दाबावे. डोलवू नये, नाहीतर कडेला दुहेरी सावली येते. यासाठी पाण्यातली शाई असलेले साधे स्केचपेन हवेत. परमनंट मार्करची शाई वाफेने परत ओली होत नाही. पिवळ्या पेनाचे टोक हिरवट झाले तर रद्दीवर गिरवून स्वच्छ होते. कडक टेबलावर ठशाचा मधला भाग उमटत नाही, अशी तक्रार फार असते. कार्डाखाली वर्तमानपत्राची पाच-सहा पाने घालावीत, एवढाच त्यावर उपाय.

बालवाडीतल्या मुलांना कात्री-कटर देता येत नाही. त्यांच्यासाठी कांदा आहे. कांदा आडवा कापला की एकात एक वर्तुळे दिसतात, आणि तो अर्धा भाग पुन्हा उभा कापला की तयार कमान. पाकळ्या सुटू नयेत म्हणून आडवी टूथपिक टोचावी. कापलेली बाजू वीस मिनिटे रद्दीवर पालथी ठेवावी, कारण कांद्याच्या रसाने रंग पातळ होऊन ओघळतो. नंतर ब्रशने एकेका पाकळीला पोस्टर कलर लावून छाप मारायचा. शेजारी भेंडीचा आडवा काप उमटवला की पाच पाकळ्यांचे फूल. कांद्याचा वास कागदावरून तासा-दोन तासांत जातो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले तो भाग, देवनागरी ठसा.

लेखणीने सरळ खोडरबरावर अक्षर लिहून कोरले तर ते कागदावर उलटे उमटते, हे लक्षात येईपर्यंत दोन खोडरबरे वाया जातात. अक्षर उलटे लिहायचा प्रयत्नही करू नये, वेलांटी आणि काना हमखास चुकतात. बटर पेपरवर सरळ अक्षर मऊ पेन्सिलीने, ४बी किंवा ६बीने, ठळक गिरवावे. मग तो कागद पालथा करून खोडरबरावर ठेवावा आणि मागून चमच्याने घासावा. पेन्सिलीचे काळे रबरावर उतरते आणि अक्षर आपोआप उलटे होते. कागद हलला तर रेघ दुहेरी येते. ती दुसऱ्या खोडरबराने पुसून पुन्हा करावे.

रबर पांढरे, गुळगुळीत, न भुरभुरणारे घ्यावे. शाई खोडायचे खरबरीत रबर कापताना कडा सोडते. कोरायला लिनो कटरचे व्ही आकाराचे पाते उत्तम, नसेल तर साध्या कटरने रेघेच्या बाजूला दोन तिरप्या चिरा देऊन मधली पट्टी काढावी. चिर अक्षरापासून बाहेरच्या दिशेने उतरती हवी, म्हणजे अक्षराची भिंत खाली रुंद राहते. आतल्या दिशेने कापले तर अक्षर पोकळ होते आणि चार-पाच छापांत कड मोडते. वळण घेताना पाते न फिरवता रबर फिरवावे. खोली दोन मिलिमीटर पुरते. पहिला छाप रद्दीवर मारला की कुठे रबर जास्तीचे उरले आहे ते डागांवरून दिसते, तेवढे खरवडावे. हे काम दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, आणि मोठ्यांनीही पात्यापुढे दुसऱ्या हाताचे बोट येऊ देऊ नये.

आपल्या लिपीची काही स्वतःची गोम आहे, जी इंग्रजी ठशांच्या माहितीत सापडणार नाही. शिरोरेघ हा शब्दाचा कणा. दाब थोडा जरी तिरका पडला तर आधी तीच तुटक दिसते, म्हणून ती उभ्या रेघांपेक्षा थोडी जाड, दोन मिलिमीटरची ठेवावी. तिचा फायदाही मोठा. ठसा ज्यावर चिकटवायचा त्या अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर एक आडवी रेघ कोरून शिरोरेघ तिच्याशी जुळवली की ठसा कधी वाकडा पडत नाही. क, व, ब, भ, म, छ यांच्या पोटातली जागा शाईने भरून अक्षर ठोकळ्यासारखे दिसते. ती पोकळी दोन मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, म्हणजेच अक्षराची उंची १२ ते १५ मिलिमीटर हवी. सुटा अनुस्वार म्हणजे रबराचे एक बेट. तो बारीक असला की तिसऱ्या-चौथ्या छापाला तुटून पडतो. तो तीन मिलिमीटर व्यासाचा आणि खाली रुंद ठेवावा, किंवा शिरोरेघेला किंचित टेकवावा. 'हार्दिक' या शब्दात रफार आणि वेलांटी एकाच ठिकाणी भेटतात आणि त्यांच्या मधे शाई भरते, तिथे रफार जरा उंच घ्यावा. 'शुभेच्छा' दिसायला छोटा वाटतो, पण त्यात उकार, मात्रा आणि 'च्छा'ची गर्दी आहे. तो १८ मिलिमीटर उंचीतच कोरावा आणि शिकताना पहिला घेऊ नये. पहिला शब्द 'आठवण' घ्यावा. त्यात जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही. नंतर 'नमस्कार', मग 'शुभ दीपावली', मग 'अभिनंदन'. संक्रांतीपर्यंत 'तिळगूळ' जमायला हरकत नाही.

सुटी अक्षरे कोरून शब्द जुळवायचा मोह होतो. ते जमते, पण प्रत्येक अक्षराची शिरोरेघ रबराच्या दोन्ही कडांपर्यंत न्यावी लागते आणि सगळ्यांची उंची अगदी एक हवी. अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी शब्द पायऱ्यांसारखा दिसतो. संपूर्ण शब्दाचा एकच ठसा बरा. कन्नड मित्रासाठी 'शुभाशयगळु' कोरायचे असेल तर अडचण वेगळी असते. त्या लिपीत सलग शिरोरेघ नाही, बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर 'तलेकट्टू'ची सुटी खूण असते आणि सगळी वळणे गोल. तिथे व्हीपेक्षा यू आकाराचे पाते चांगले चालते. सीमाभागात दोन्ही लिप्यांचे ठसे एकाच डब्यात असावेत.

शब्दाच्या ठशावर इंद्रधनुष्य उतरवायचे असेल तर स्केचपेनची वर सांगितलेली रीतच वापरावी. डावीकडून उजवीकडे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टे रंगवले की एकाच छापात सप्तरंगी शब्द उमटतो. किंवा कमान रंगीत ठेवून शब्द काळ्यात उमटवावा, तो जास्त वाचनीय होतो. रंगीत पार्श्वभूमीच्या खालच्या कडेला राजहंसगडाची तटबंदी, उसाचा फड किंवा कमल बस्ती या जैन मंदिराची बाह्यरेषा काळ्या शाईने उमटवली तर कार्ड बेळगावचे आहे हे सांगावे लागत नाही.

वापरून झाल्यावर रबराचे ठसे ओल्या फडक्याने पुसावेत. थिनर किंवा रॉकेल लावू नये. दुकानातले पारदर्शक ठसे उन्हात पिवळे पडून कडक होतात, ते झाकून ठेवावेत. पांढरे खोडरबर प्लास्टिकच्या डब्यात तसेच टाकले तर काही महिन्यांत डब्याला चिकटून दोन्ही वितळल्यासारखे होतात, ते कागदात गुंडाळून ठेवावे. अनेक रंगांचे एकत्र पॅड नेहमी आडवे ठेवावे. दप्तरात उभे राहिले की रंग एकमेकांत उतरतात.

आपल्याकडच्या पावसाबद्दल वेगळे सांगायला हवे. जांबोटी-कणकुंबीकडे तर महिना-दोन महिने कपडेही वाळत नाहीत. अशा हवेत पिग्मेंट शाईला पूर्ण एक दिवस द्यावा. घाई असेल तर हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवावा. कार्डे एकावर एक रचण्याआधी मधे कोरा कागद घालावा. वाकलेली कार्डे वाळल्यावरच जड पुस्तकांखाली दाबावीत, ओली दाबली तर शाई पलीकडे उतरते. कोरा कागद स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. उठावदार चमकीची एम्बॉसिंग पावडर पावसाळ्यात नको तिथे चिकटते. ठसा मारण्याआधी कागदावर टाल्कम पावडरचा पुसट हात फिरवावा. एम्बॉसिंग पावडर हेअर ड्रायरने वितळत नाही, नुसती उडते. तिला हीट गनच लागते, आणि ती मोठ्यांनीच हाताळावी.

टपालाने पाठवायचे तर वजनाचा हिशेब असा. ३०० जीएसएमच्या अर्ध्या ए-४ तुकड्याचे कार्ड साधारण सव्वानऊ ग्रॅम भरते, पाकीट चार-पाच ग्रॅम. २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात पाच-सहा ग्रॅमची मुभा राहते. तेवढ्यात राखी आणि एक कागदी ढग बसतो. मणी, बटणे टाळावीत, शिक्का मारताना पाकीट तिथेच फाटते. पाकिटावरचा पत्ता बॉलपेनने लिहावा. स्केचपेनने लिहिलेला पत्ता पावसाच्या एका सरीत जातो.

आता विनंती. आपल्या बालपानात दर आठवड्याला एक मराठी शब्द ठशासाठी छापावा. जागा फारशी लागणार नाही, ६० गुणिले २५ मिलिमीटरची एक चौकट पुरे. अक्षरे १५ मिलिमीटर उंच ('शुभेच्छा' मात्र १८), शिरोरेघ दोन मिलिमीटर जाड, पोकळ्या मोकळ्या, अनुस्वार मोठा, आणि नुसती बाह्यरेषा न देता अक्षर पूर्ण काळे भरलेले असावे. ल आणि श मराठी वळणाचेच घ्यावेत. संगणकावरच्या पुष्कळ देवनागरी टंकांत ते हिंदी वळणाचे येतात. ठशासाठी म्हणून शब्द उलटा छापण्याची सूचना कोणी केली तर कृपया ती मानू नये. बटर पेपर पालथा करताना उलटापालट एकदा होतेच. छापील शब्द आधीच उलटा असेल तर कार्डावरचा शब्द पुन्हा उलटा येईल. शब्द सरळच छापावा आणि खाली एक ओळ द्यावी: 'बटर पेपरवर गिरवा, पालथा ठेवून घासा.' मोजमाप तपासता यावे म्हणून चौकटीच्या कडेला ५० मिलिमीटरची एक रेघ असावी. ई-पेपरमधून छापून घेणाऱ्यांचा आकार लहान-मोठा होतो, त्यांना ती रेघ पट्टीने मोजून बरोबर करता येईल.

पहिल्या पाच आठवड्यांसाठी आम्ही सुचवतो ते शब्द: आठवण, नमस्कार, शुभ दीपावली, अभिनंदन, शुभेच्छा. 'शुभ दीपावली' दोन ओळींत घ्यावे, एका ओळीत ते खोडरबरात बसत नाही. त्याची चौकट ६० गुणिले ४५ मिलिमीटर लागेल.

आपल्या,
हस्तकलेचे वर्ग घेणाऱ्या काही शिक्षिका
शहापूर-वडगाव, बेळगाव